देवयानीतील नवतारे : एका संज्ञेचा आणि एका वर्गीकरणाचा इतिहास

ज्योतिःशास्त्रात काही संज्ञा अशा आहेत की, त्यांचा शब्दार्थ खोटा ठरून दीर्घकाळ लोटला तरी त्यांचे चलन यत्किंचितही कमी झाले नाही. 'नवतारा' ही त्यांपैकी एक होय. नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात एकाएकी प्रकटलेल्या तेजस्वी ताऱ्याविषयी टायको ब्राहे याने पुढील वर्षी लॅटिन भाषेत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात 'नवा' आणि 'तारा' या अर्थाचे दोन शब्द होते. कालांतराने त्यांतील नाम गळून पडले व उरलेले स्त्रीलिंगी विशेषणच नामाचे कार्य करू लागले. युरोपीय भाषांतील 'नोव्हा' ही संज्ञा अशा रीतीने सिद्ध झाली. मराठीने विशेषण आणि नाम ही दोन्ही राखून 'नवतारा' हा समास केला. संस्कृतात 'नव' म्हणजे नऊही होत असल्यामुळे 'नवग्रह' या शब्दाच्या शेजारी तो क्षणभर संदिग्ध वाटतो, ही गोष्ट वेगळी.

वस्तुतः नवतारा नवा नसतो. एकमेकांभोवती अगदी निकटून फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी एक श्वेत लघुतारा, म्हणजे आयुष्य संपत आलेल्या ताऱ्याचा घनदाट गाभा असतो. जोडीदाराकडून ओढून घेतलेला हायड्रोजन त्याच्या पृष्ठभागावर साचत जातो आणि एका मर्यादेनंतर त्या थरात अणुगर्भीय प्रक्रियेचा भडका उडतो. थर बाहेर फेकला जातो, तारा मात्र शिल्लक राहतो. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्या ताऱ्यावरून ही संज्ञा रूढ झाली तो टायकोचा तारा या अर्थाने नवतारा नव्हताच. त्याच्या स्फोटाचा आंतरतारकीय धुळीवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचलेला प्रकाश २००८ मध्ये वर्णपटदर्शकाने तपासण्यात आला, तेव्हा तो श्वेत लघुताऱ्याच्या संपूर्ण विनाशाचा, म्हणजे 'अतिदीप्त नवतारा' म्हणतात त्या प्रकारचा स्फोट होता, हे निश्चित झाले. जन्माच्याच वेळी संज्ञा चुकीच्या वस्तूला चिकटली होती. ही चूक साडेतीनशे वर्षे निरुपद्रवी राहिली. ती उपद्रवी ठरली ती देवयानीच्या अभ्रिकेत.

देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाती ही त्रयी मराठी वाचकास महाभारतातून परिचित आहे. आकाशातही ही तीन नावे तीन शेजारच्या तारकासमूहांना मराठीत देण्यात आली आहेत. देवयानी तारकासमूहातील जी अंधुक अभ्रिका नुसत्या डोळ्यांनीही दिसते, जिला मेसिएच्या यादीत ३१ वा क्रमांक आहे, ती आज आपल्या आकाशगंगेच्या सर्वांत जवळची मोठी दीर्घिका म्हणून ओळखली जाते. तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. नवताऱ्यांच्या अभ्यासात तिला जे विशेष स्थान प्राप्त झाले त्याचे कारण या अंतरातच आहे. आपल्या आकाशगंगेतील प्रत्येक नवताऱ्याचे अंतर स्वतंत्रपणे ठरवावे लागते, आणि वाटेतील धूळ किती प्रकाश गिळते याचा अंदाज नेहमीच कच्चा असतो. देवयानीतील सर्व तारे मात्र, तिच्या विस्ताराच्या मानाने पाहता, आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. तेथे जो तारा दुसऱ्याहून तेजस्वी दिसतो तो प्रायः खरोखरीच अधिक तेजस्वी असतो. एकाच गावच्या बोलीचे नमुने एकत्र मिळावेत, तशी ही सोय आहे. तिचे मोल मात्र मोठे आहे, कारण हे सर्व नवतारे अतिशय अंधुक आहेत. ताऱ्यांची दीप्ती 'प्रत' या मापाने मोजतात. प्रतीचा अंक जितका मोठा तितका तारा अंधुक, आणि नुसत्या डोळ्यांची मर्यादा सहाव्या प्रतीच्या आसपास संपते. देवयानीतील नवतारे ऐन भरातही सामान्यतः १५ ते १८ व्या प्रतीचे असतात.

अशा ताऱ्याविषयी दोनच साक्षी उपलब्ध होतात. पहिली प्रकाशमापनाची. तारा किती तेजस्वी झाला आणि कोणत्या गतीने मंदावला हे ती सांगते, व तिचे फलित म्हणजे प्रकाशवक्र. दुसरी वर्णपटाची. प्रकाश कोणत्या मूलद्रव्यांकडून येत आहे आणि ती द्रव्ये कोणत्या वेगाने बाहेर धावत आहेत हे तीवरून कळते. देवयानीतील नवताऱ्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा बव्हंशी या दोन साक्षींपैकी एकच ऐकून दिलेल्या निकालांचा, आणि दुसरी ऐकल्यावर ते फिरवावे लागल्याचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ ऑगस्ट १८८५ मध्ये होतो. त्या महिन्याच्या २० तारखेस डॉरपाट (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथील वेधशाळेत एर्न्स्ट हार्टविग याला अभ्रिकेच्या केंद्राजवळ एक नवा तारा दिसला. इतरही काही निरीक्षकांच्या दृष्टीस तो त्याच सुमारास पडला होता. तारा जवळजवळ सहाव्या प्रतीपर्यंत चढला आणि नंतरच्या सहा महिन्यांत चौदाव्या प्रतीपर्यंत उतरला. त्या काळी अभ्रिका म्हणजे आपल्याच तारकाव्यूहातील वायूचा मेघ, असे मानणारा पक्ष प्रबळ होता; मेघात तारा पेटला ही कल्पना त्या पक्षाला सोयीचीच होती. ताऱ्याला 'नवतारा' हे नाव मिळाले आणि त्याविषयी फारसा वाद झाला नाही.

वादाला जागा मात्र होती. वर्णपटाचा उपयोग नवताऱ्यांच्या बाबतीत १८६६ पासून सुरू झाला होता. त्या वर्षी मे महिन्यात उत्तर मुकुट तारकासमूहात प्रकटलेल्या ताऱ्याचा वर्णपट विल्यम हगिन्स आणि विल्यम मिलर यांनी पाहिला, तेव्हा त्यात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा स्पष्ट दिसल्या. १८७६ मध्ये हंस तारकासमूहात प्रकटलेल्या नवताऱ्यातही तेजस्वी रेषा होत्या. १८८५ च्या ताऱ्याचा वर्णपट मात्र जवळजवळ अखंड दिसतो, अशा आशयाच्या नोंदी तत्कालीन निरीक्षकांनी केल्या. क्वचित कोणाला अंधुक पट्टे भासले, परंतु हायड्रोजनच्या ठळक रेषांचा पत्ता नव्हता. म्हणजे दुसरी साक्ष तेव्हाच नोंदली गेली होती आणि ती विरोधी होती. त्या नोंदीचा अर्थ लावण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही, याचे कारण उघड आहे. 'नवतारा' हा वर्ग तेव्हा 'अचानक दिसू लागलेला तारा' एवढ्याच लक्षणावर उभा होता, आणि ते लक्षण या ताऱ्याने पुरेपूर पाळले होते. १८९५ मध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांनी हार्वर्डच्या वर्णपट-काचांवर नरतुरंग तारकासमूहातील एका अभ्रिकेत असाच एक तारा त्याच्या विलक्षण वर्णपटावरून शोधून काढला. तोही नवताऱ्यांच्याच यादीत गेला.

पुढे १९१७ च्या जुलै महिन्यात माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज रिची याला दुसऱ्या एका सर्पिल अभ्रिकेच्या छायाचित्रात एक नवतारा आढळला, आणि त्याने व इतरांनी जुन्या काचा पुन्हा तपासावयास घेतल्या. रिचीला देवयानीच्या १९०९ च्या छायाचित्रांत दोन अंधुक नवतारे सापडले. लिक वेधशाळेत हीबर कर्टिस यालाही अन्य सर्पिल अभ्रिकांत असे तारे मिळाले होते. थोड्याच अवधीत देवयानीतील अंधुक नवताऱ्यांची संख्या वाढली, आणि प्रश्न असा उभा राहिला की, हे नवतारे आपल्या आकाशगंगेतील नवताऱ्यांसारखेच असतील तर ते इतके अंधुक का? कर्टिसचे उत्तर सरळ होते : ते फार दूर आहेत म्हणून. या तुलनेवरून त्याने देवयानीचे अंतर सुमारे ५ लाख प्रकाशवर्षे काढले. अर्थात अभ्रिका ही आपल्या तारकाव्यूहाबाहेरची एक स्वतंत्र दीर्घिका ठरत होती.

याला हार्लो शॅप्ली याचा आक्षेप होता, आणि २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या प्रसिद्ध वादसभेनंतर उभयतांच्या प्रबंधांतून तो विस्ताराने मांडला गेला. आक्षेपाचा आशय असा : देवयानी खरोखर इतकी दूर असेल, तर १८८५ चा तारा त्या अंतरावरून सहाव्या प्रतीचा दिसण्यासाठी सूर्याच्या कोट्यवधी पट तेजस्वी असला पाहिजे, कोणताही ज्ञात नवतारा असा नव्हता, म्हणून अंतरच चुकीचे. सर्पिल अभ्रिकांचे परिभ्रमण मोजल्याचा व्हॅन मानेन याचा दावाही शॅप्लीच्या बाजूस होता. तो पुढे चुकीचा ठरला. परंतु नवताऱ्यांवरील त्याचा युक्तिवाद आज वाचला तरी त्यात तर्कदोष सापडत नाही. १८८५ चा तारा आणि १९०९ चे तारे एकाच वर्गातील असतील, तर एका वर्गाच्या दोन सदस्यांत दहा प्रतींचा, म्हणजे दहा हजार पटींचा फरक मानणे हे बुद्धीला पटण्यासारखे नव्हते. शॅप्लीचा तर्क सदोष नव्हता; सदोष होती ती संज्ञा. विश्वाच्या व्याप्तीविषयीचा निर्णय एका शब्दाच्या व्याप्तीवर अडकून पडला होता.

कर्टिसने याच सुमारास नवताऱ्यांचे दीप्तीनुसार दोन वर्ग असणे अशक्य नाही, असे सुचविले. स्वीडनमध्ये क्नूट लुंडमार्क यानेही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अशाच विभागणीचा पुरस्कार केला. ही सूचना खरी ठरली हे आज ठाऊक आहे. तथापि त्या वेळी ती एक सोयीची पळवाट म्हणून बाजूस सारता येण्यासारखी होती, हेही मान्य केले पाहिजे. अपवाद पदरात घेण्यासाठी नवा वर्ग निर्माण करणे हे कोणत्याही शास्त्रात संशयास्पदच मानले जाते. कर्टिसजवळ त्या दुसऱ्या वर्गाचे स्वतंत्र लक्षण नव्हते. ते १८८५ च्या वर्णपटनोंदींत होते, पण त्या भाषेचे वाचन अद्याप कोणास येत नव्हते.

कोंडी फुटली ती नवताऱ्यांच्या शोधातूनच, पण नवताऱ्यामुळे नव्हे. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीतील नवतारे टिपण्याचे काम करीत होता. ५ व ६ ऑक्टोबरच्या दरम्यानच्या रात्री घेतलेल्या काचेवर त्याने तीन ठिकाणी 'नोव्हा' या शब्दाचे आद्याक्षर 'एन' शाईने लिहिले. नंतर जुन्या काचांशी ताडून पाहता त्यांपैकी एक तारा पूर्वीही दिसलेला, मावळलेला आणि पुन्हा उजळलेला आढळला. हबलने तेथील 'एन' खोडले आणि 'रूपविकारी' या अर्थाच्या शब्दाचे संक्षिप्त रूप उद्गारचिन्हासह लिहिले. तो सेफीड जातीचा रूपविकारी तारा होता. त्याचा आवर्तकाल सुमारे ३१.४ दिवसांचा निघाला, आणि त्या जातीच्या ताऱ्यांचा आवर्तकाल व खरी दीप्ती यांतील संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांच्या संशोधनामुळे ज्ञात असल्याने अभ्रिकेचे अंतर हाती आले. १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टन येथील परिषदेत हबलचा निबंध वाचण्यात आला आणि देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका आहे याविषयी शंका उरली नाही. ती काच आजही जतन केलेली आहे. वर्गीकरणाच्या इतिहासात खोडलेल्या एका अक्षराने इतके काम केल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळणार नाही. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, एका रात्रीच्या काचेवर नवतारा आणि सेफीड यांत काहीही भेद नव्हता. भेद उमटला तो अनेक रात्री शेजारी शेजारी ठेवल्यावर, म्हणजे प्रकाशवक्रात.

अंतर मान्य झाल्यावर शॅप्लीला अशक्य वाटलेला निष्कर्ष मान्य करणे प्राप्तच झाले. आजच्या अंतरानुसार १८८५ चा तारा ऐन भरात दोन अब्जांहून अधिक सूर्यांइतका तेजस्वी होता. अशा ताऱ्यांसाठी वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ च्या प्रबंधांत 'सुपर-नोव्हा' हा शब्द वापरला. आरंभी तो संयोगचिन्हासह लिहिला जाई. पुढे चिन्ह गळाले आणि उपसर्ग मूळ शब्दात मिसळून गेला. मराठीतील 'अतिदीप्त नवतारा' ही संज्ञा अधिक वर्णनात्मक असली, तरी दोन्ही भाषांतील शब्द एक खोटी सोयरीक कायम ठेवतात. कारण हा केवळ मोठा नवतारा नसून निराळीच घटना आहे. नवतारा स्फोटानंतर शिल्लक राहतो. १८८५ चा तारा शिल्लक राहिला नाही. देवयानीच्या उजळ मध्यभागावर त्याचा अवशेष एका सूक्ष्म काळसर डागाच्या रूपाने १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रथम ओळखण्यात आला. त्या अवशेषातील लोह मागील ताऱ्यांचा प्रकाश शोषून घेते.

अतिदीप्त तारे वेगळे काढल्यानंतर उरलेल्या नवताऱ्यांचा अभ्यास स्थिर पायावर आला. हबलने १९२९ च्या आपल्या विस्तृत प्रबंधात देवयानीतील ८५ नवताऱ्यांचा विचार करून तेथे वर्षाला सुमारे ३० नवतारे प्रकटत असावेत, असा अंदाज केला. १९५२ मध्ये रोम येथील परिषदेत बाडे याने सेफीड ताऱ्यांच्या मोजपट्टीतील चूक दाखवून दीर्घिकांची अंतरे दुप्पट केली. अंतर दुप्पट झाले की निरपेक्ष दीप्ती दीड प्रतीने वाढते; त्यामुळे देवयानीतील नवतारे आणि आपल्याकडील नवतारे यांच्यातील तफावत नाहीशी झाली. त्यानंतर हॉल्टन आर्प याने माउंट विल्सनच्या ६० इंची दुर्बिणीवर १९५३ ते १९५५ या काळात रात्रीमागून रात्री छायाचित्रे घेऊन ३० नवताऱ्यांचे प्रकाशवक्र तयार केले. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा प्रबंध चिकाटीचा नमुना म्हणून आजही वाचावा असा आहे. त्याचा वार्षिक अंदाज २६ चा होता. अलीकडील अंदाज ६५ पर्यंत गेले आहेत, कारण दीर्घिकेच्या तेजस्वी मध्यभागात लपलेले आणि झपाट्याने मावळणारे तारे जुन्या काचांवर उमटतच नव्हते.

प्रकाशवक्रावर आधारलेले वर्गीकरण सिसिलिया पेन-गापोश्किन यांनी १९५७ च्या ग्रंथात सुव्यवस्थित केले. कमाल दीप्तीपासून दोन प्रती उतरण्यास दहा दिवसांहून कमी अवधी लागला तर तारा अतिशीघ्र, ११ ते २५ दिवस लागल्यास शीघ्र, असे करीत १५१ ते २५० दिवसांच्या अतिमंद ताऱ्यांपर्यंत ही श्रेणी जाते. जो नवतारा अधिक तेजस्वी तो अधिक लवकर मावळतो, हा नियमही याच परंपरेत रूढ झाला आणि काही काळ तो अंतरे मोजण्यासही वापरला गेला. २०११ मध्ये मानसी कासलीवाल आणि त्यांचे सहकारी यांनी देवयानीत अंधुक असूनही शीघ्र मावळणारे नवतारे दाखविले, तेव्हा या नियमाचा भरवसा पुष्कळच कमी झाला. केवळ प्रकाशवक्र हे लक्षण म्हणून अपुरे आहे, याचा हा आणखी एक पुरावा.

वर्णपटावरील वर्गीकरणाला सर्वमान्य स्वरूप आले ते बरेच उशिरा, १९९२ मध्ये, रॉबर्ट विल्यम्स यांच्या प्रबंधाने. त्यांची कसोटी साधी आहे. कमाल दीप्तीच्या आसपासच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा सर्वच नवताऱ्यांत असतात. म्हणून त्या वगळाव्यात आणि उरलेल्यांपैकी सर्वांत ठळक रेषा कोणत्या द्रव्याच्या आहेत ते पाहावे. त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या असतील तर तारा 'लोहवर्गा'चा. हीलियम व नायट्रोजन यांच्या असतील तर 'हीलियम-नायट्रोजन वर्गा'चा. लोहवर्गातील रेषा तुलनेने अरुंद असतात, आणि त्यांच्या निळ्या बाजूस शोषणाची खाच असते. बाहेर येणारा वायू आपल्या दिशेने धावत असल्याची ती खूण. दुसऱ्या वर्गातील रेषा रुंद व माथ्यावर सपाट किंवा दंतुर असतात, आणि वायूचा वेग सेकंदाला २,५०० किलोमीटरांहून अधिक असतो. सर्व नमुन्यांत समान असणारे लक्षण भेदक असू शकत नाही, हे तत्त्व भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. विल्यम्स यांनी सर्वांत ठळक रेषाच बाजूस ठेवून ते येथे उपयोजिले.

हे वर्गीकरण देवयानीस लागू करण्यात अडचण होती ती प्रकाशाची. १७ व्या प्रतीच्या ताऱ्याचा प्रकाश वर्णपटात पसरविला की त्याचा प्रत्येक अंश अत्यल्प होतो, आणि भोवती कोट्यवधी ताऱ्यांचा उजेड असतो. इलेक्ट्रॉनीय संवेदक आणि मोठ्या दुर्बिणी आल्यावरच हे काम नियमितपणे होऊ लागले. आज पद्धत साधारणतः अशी आहे. दीर्घिकेच्या नव्या प्रतिमेतून जुनी प्रतिमा गणिताने वजा करतात. जो ठिपका उरतो तो 'उमेदवार'. काही दिवसांच्या आत त्याचा वर्णपट घेतात. हायड्रोजनची ६,५६३ अँगस्ट्रॉमची लाल रेषा रुंद व तेजस्वी असेल तर नवताऱ्याचा संभव दृढ होतो. देवयानी दीर्घिका एकंदरीने सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्यामुळे ही रेषा सहा-साडेसहा अँगस्ट्रॉमने निळ्या टोकाकडे सरकलेली असावयास हवी. दीर्घिकेच्या परिभ्रमणामुळे हा आकडा जागेनुसार बदलतो. त्यावरून तारा देवयानीतलाच आहे, वाटेतला नव्हे, हे पडताळता येते. त्यानंतर लोहाच्या ४,९२४, ५,०१८ आणि ५,१६९ अँगस्ट्रॉमच्या रेषा शोधतात. प्रकाशमापन या सर्व काळात चालूच राहते, कारण वर्णपट नेमका चढत्या, कमाल की उतरत्या अवस्थेतला आहे हे अन्यथा कळणार नाही.

या पद्धतीने झालेले सर्वांत महत्त्वाचे संकलन ॲलन शाफ्टर व सहकारी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. टेक्सासमधील हॉबी-एबर्ली दुर्बीण त्यात प्रमुख होती. त्यांच्या व पूर्वीच्या वर्णपटांसह २००९ अखेर देवयानीतील ९१ नवताऱ्यांचा वर्ग ठरला. त्यांपैकी ७५, म्हणजे ८२ टक्के लोहवर्गाचे होते आणि १६ हीलियम-नायट्रोजन व त्याच्याशी संबद्ध वर्गांचे. हीलियम-नायट्रोजन वर्गाचे तारे सामान्यतः अधिक तेजस्वी व शीघ्र आढळले. आकाशगंगेतील नवताऱ्यांवरून १९९८ मध्ये मासिमो डेल्ला व्हाले आणि मारिओ लिव्हिओ यांनी असे प्रतिपादिले होते की, हीलियम-नायट्रोजन वर्ग दीर्घिकेच्या तबकडीशी व लोहवर्ग मध्यवर्ती फुगवट्याशी निगडित आहे. देवयानीत मात्र वर्ग आणि स्थान यांचा ठाम संबंध दिसला नाही. या संकलनात आणखी एक तपशील आहे, जो मुख्य निष्कर्षांइतकाच बोलका म्हणावा लागेल. ज्या ४८ उमेदवारांचे नवे वर्णपट घेतले गेले, त्यांपैकी दोन नवतारे नव्हतेच. एक १९९५ साली आणि दुसरा २००७ साली नवतारा म्हणून नोंदला गेला होता. वर्णपटाने ते दीर्घ आवर्तकालाचे 'मीरा' जातीचे रूपविकारी तारे असल्याचे दाखविले. हबलच्या काचेवर जुन्या रात्रींनी जे केले, ते येथे वर्णपटाने केले. १९८८ मध्ये देवयानीच्या मध्यभागी उजळलेला एक तारा याच्या उलट दिशेचे उदाहरण आहे. तेजाने तो नवताऱ्याहून उणा नव्हता. पण त्याचा वर्णपट थंड, तांबड्या महाताऱ्याचा निघाला, आणि अशा घटनांसाठी पुढे 'तांबडा दीप्त नवतारा' हा वेगळा वर्ग करावा लागला. येथेही जुन्या नामाला विशेषण जोडूनच काम भागविले गेले.

नवतारा एकदाच प्रकटतो ही समजूतही देवयानीत तपासली गेली. २०१३ अखेरपर्यंतच्या ९६४ नोंदींची स्थाने ताडून पाहता ५१ जागी पुनरावृत्तीचा संशय आला. मूळ काचा व प्रतिमा काढून पाहिल्यावर त्यांतील १२ तारे निश्चित पुनरावर्ती ठरले आणि ४ संभाव्य. अन्यत्र दोन निरनिराळे तारे केवळ शेजारी होते. निश्चित पुनरावर्ती ताऱ्यांत सर्वांत विलक्षण तारा कोइची निशियामा आणि फुजिओ काबाशिमा या जपानी हौशी निरीक्षकांनी डिसेंबर २००८ मध्ये टिपला. तो जवळजवळ दर वर्षी स्फोट पावतो, आणि काही दिवसांतच पुन्हा दिसेनासा होतो. त्याचा वर्ग हीलियम-नायट्रोजन आहे. त्यातील श्वेत लघुताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.३८ पट, म्हणजे असा तारा टिकू शकेल त्या मर्यादेच्या अगदी काठावर मानले जाते. म्हणून हाच तारा कधीतरी १८८५ च्या ताऱ्याच्या मार्गाने जाईल, अशी शक्यता गंभीरपणे विचारात घेतली जाते. १९९२-९३ मध्ये क्ष-किरणांत नोंदलेला एक क्षणिक स्रोत हाच होता, हे मागाहून लक्षात आले. त्याच्या २०१७ ते २०२२ या काळातील स्फोटांचे वेध भारतीय संशोधकांनीही घेतले आहेत. लडाखमधील हान्ले येथे, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण, बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांनी उभारलेली ७० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण, आणि अंतराळातील ॲस्ट्रोसॅट यांचा त्यात उपयोग झाला. इतक्या शीघ्र ताऱ्याचा पाठपुरावा करावयाचा तर पृथ्वीच्या निरनिराळ्या रेखांशांवर दुर्बिणी असणे अगत्याचे असते. एका ठिकाणी उजाडले म्हणून थांबता येत नाही.

विल्यम्स यांच्या दोन वर्गांचा निकाल मात्र अद्याप लागलेला नाही. स्वतः विल्यम्स यांनी २०१२ मध्ये असे सुचविले की, लोहाच्या रेषा श्वेत लघुताऱ्यावरून फेकलेल्या द्रव्यातून नव्हे, तर जोडीदाराकडून निघून जोडीभोवती पसरलेल्या वायूतून येत असाव्यात. म्हणजे वर्गभेद हा उगमभेद आहे. २०२४ मध्ये एलियास आयदी व सहकारी यांनी काही नवताऱ्यांचे स्फोटाच्या अगदी आरंभापासून घेतलेले वर्णपट तपासून निराळे मत मांडले. त्यांच्या मते आरंभीच्या तप्त अवस्थेत हीलियम-नायट्रोजनच्या रेषा असतात. आवरण प्रसरण पावून निवाले की लोहाच्या रेषा पुढे येतात. आणि आवरण विरळ होऊन आतील तप्त भाग उघडा पडला की पुन्हा पहिल्या रेषा दिसतात. शीघ्र नवतारे या अवस्था इतक्या झपाट्याने ओलांडतात की, पहिला वर्णपट घेईपर्यंत मधली अवस्था संपलेली असते. हे मान्य केल्यास दोन वर्ग हे दोन प्रकारचे तारे नसून एकाच आयुष्यातील दोन वेळा ठरतात, आणि शाफ्टर यांच्या ८२ व १८ टक्क्यांमध्ये ताऱ्यांच्या स्वभावाचा वाटा किती आणि निरीक्षक कोणत्या दिवशी पोहोचला याचा किती, हे निराळे करावे लागेल. देवयानीतील बहुसंख्य नवताऱ्यांचा एकेकच वर्णपट उपलब्ध असल्याने ते सोपे नाही.

देवयानीतील नवताऱ्यांची यादी आता हजाराच्या पुढे गेली आहे, आणि त्यांना नावे देण्याची रीतही बदलली आहे. दर वर्षी उजळणाऱ्या त्या ताऱ्याचे नाव 'एम ३१ एन २००८-१२ए' असे आहे : मेसिए ३१ मधील, २००८ च्या बाराव्या महिन्यातील पहिला. नावात वर्गाचा उल्लेख नाही, गतीचा नाही, पुनरावृत्तीचाही नाही. केवळ स्थळ, काळ आणि हबलने काचेवर लिहिलेले ते एक अक्षर आहे. 'एम ३१ एन १९९५-११ई' हा तारा मीरा जातीचा निघाला, तेव्हा २०११ च्या प्रबंधात त्याची ती जात नोंदली गेली, पण त्याच नावाने, त्यातील 'एन'सह.